आधी लॉगआउट करून बघा

ॲटम (AtoM) हे अभिलेखागारांच्या कॅटलॉगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे आधीच सांगून टाकते. ज्या एजन्सीने ते आमच्या संस्थेत बसवून दिलं, तिने ही गोष्ट कधी तोंडातून काढली नाही. सर्व्हरचे, बसवण्याचे, देखभालीचे पैसे घ्यावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते बिलातल्या ‘सर्च रिझल्ट कस्टमायझेशन’ या ओळीबद्दल.

रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडायचा, मोडी कागद वाचून घ्यायचे, नोंद करायची, तपासून प्रकाशित करायची, असं माझं काम चाललं होतं. माझ्या पडद्यावर ताजी नोंद यादीत सगळ्यात वर दिसे. एजन्सीचा माणूस डेमो दाखवायचा तोही लॉगिन करूनच, त्यामुळे सगळे खूश. मग कार्यकारिणीच्या सभेत कार्यवाहांनी आपल्या फोनवर कॅटलॉग उघडला. पहिल्या पानावर ‘अ’ आणि ‘आ’चे तेच जुने संग्रह. नव्या कामाचा मागमूस नाही.

“मॅडम, मग आपण इतके दिवस नेमकं काय करत होतात?”

एजन्सीचा माणूस शेजारीच बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “एंट्रीच झाली नसेल, सर.”

मी तिथल्या तिथे लॉगआउट केलं. तोच संगणक, तोच पत्ता, आणि डोळ्यांदेखत यादी बदलली. पुन्हा लॉगिन केलं, नोंदी हजर. कार्यवाहांना दोनदा करून दाखवलं. “टेक्निकल असेल काहीतरी,” एवढंच म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

टेक्निकल वगैरे काही नव्हतं. ॲटममध्ये यादीच्या क्रमाची दोन सेटिंग्ज असतात, एक लॉगिन केलेल्यांसाठी आणि एक बाहेरच्या वाचकांसाठी. मुळात पहिल्याला ‘शेवटी बदललेलं आधी’ आणि दुसऱ्याला वर्णानुक्रम लावलेला असतो. वर ब्राउझची यादी सुरुवातीला फक्त सर्वांत वरच्या पातळीच्या नोंदी दाखवते. संग्रहाच्या पोटातले रुमाल आणि फायली बघायच्या तर ते फिल्टर काढावं लागतं. बसवणाऱ्याला हे माहीत नसावं, यावर माझा विश्वास नाही. “डेव्हलपमेंटचं काम आहे, मॅडम,” म्हणत त्याने कोटेशन पाठवलं आणि सॉफ्टवेअरच्या मूळ फायलीत हात घालून क्रम बदलला. पुढच्या अपग्रेडमध्ये तो बदल पुसला गेला. तेव्हा मीच ग्लोबल सेटिंग्जचं पान उघडलं. ड्रॉपडाउनमधून पर्याय निवडला, सेव्ह केलं. चहा निवायच्या आत काम झालं.

म्हणून सांगते, कॅटलॉग नेहमी लॉगआउट करून, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवर तपासा. एजन्सीच्या डेमोतही तसाच उघडायला लावा. नोंद दिसत नसेल तर आधी ती ‘मसुदा’ आहे की ‘प्रकाशित’ ते बघा, कारण मसुदा बाहेरच्याला दिसतच नाही. कुणी ‘कोड बदलावा लागेल’ म्हणालं तर सेटिंग्जचं पान त्याच्यासमोर उघडा. खरोखरच बदलावा लागला तर तो वेगळ्या थीम प्लगइनमध्ये करायला सांगा, मूळ फायलींना हात लावू देऊ नका.

रुमालांना क्रमांक देताना ००१, ००२ असेच द्या. क्रमवारी अक्षरांसारखी लागते, त्यामुळे १० हा २ च्या आधी येतो. देवनागरी नावांचंही तेच. मराठी वर्णमालेच्या उलट, युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘व’च्या आधी आहे, म्हणून ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर. वाचकांच्या तक्रारी मात्र आपल्याकडे येतात. शोधाची अनुक्रमणी नव्याने बांधायची असेल तर रात्री बांधा, कारण आधी जुनी रिकामी होते आणि मधल्या वेळात शोध अर्धवट चालतो. बॅकअप घ्या, सगळं लेखी ठेवा, हे काय सगळेच सांगतात. प्रशासकाचं खातं मात्र संस्थेच्या ईमेलवरच काढा, एजन्सीच्या नको.

आमच्याकडे बिलातली ती ओळ मुकाट्याने भरली गेली, हिशेबतपासनिसांनीही विचारलं नाही. देखभालीचा करार पुन्हा त्याच एजन्सीला दिलाय आणि सेटिंग्जचा पासवर्ड यापुढे त्यांच्याकडेच राहील, असं मला कळवण्यात आलंय. मी तो पासवर्ड कार्यवाहांकडे लेखी मागितला आहे, पोच घेऊन.