जुन्या कॉम्प्रेसरचा जीर्णोद्धार

पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीपासून जहाजबांधणीच्या गोदीपर्यंत, दाबलेल्या हवेवाचून ज्यांचे पान हलत नाही असे व्यवसाय असंख्य आहेत. या हवेचा उद्योगातील इतिहासही तसा जुना आहे. आल्प्स पर्वताच्या पोटातून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा मों-सनी बोगदा 1871 मध्ये खुला झाला. तो खोदताना 1861 पासून खडकात भोके पाडणारी यंत्रे दाबलेल्या हवेच्या बळावर चालविण्यात आली होती. भारतात पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी 1958 मध्ये, तर कोइंबतूरची एल्जी 1960 मध्ये स्थापन झाली, आणि पुढील काळात देशी बनावटीचे कॉम्प्रेसर लहानमोठ्या कारखान्यांत सर्वत्र दिसू लागले. कालांतराने अनेक कारखान्यांनी दट्ट्याचे कॉम्प्रेसर काढून त्यांच्या जागी स्क्रू पद्धतीची यंत्रे बसविली. काढून टाकलेली ती जुनी धुडे भंगाराच्या बाजारात आली, व आजही येत असतात.

घरी लहानशी कार्यशाळा थाटणाऱ्या हौशी कारागिराला या यंत्राचा मोह पडतो, यात नवल नाही. बिडाचे जाड सिलिंडर, हाताने फिरविले तरी कितीतरी वेळ फिरत राहणारे अवजड चाक, खोलून पुन्हा जोडता येईल असा प्रत्येक भाग, हे गुण स्वस्त नव्या घरगुती यंत्रात सहसा आढळत नाहीत. तथापि बाजारात यंत्र पारखताना बहुतेक ग्राहक चाक फिरवून पाहतात, तेल काळे आहे की कसे ते बघतात, मोटरवरील पाटी वाचतात. आणि ज्या वस्तूवर हे सारे उभे असते तिच्याकडे त्यांचे लक्षच जात नाही. ती वस्तू म्हणजे हवेची टाकी. दट्ट्या झिजला तर हवा कमी मिळेल, मोटर जळाली तर काम थांबेल. टाकी फुटली तर मात्र माणूस दगावेल. म्हणून जीर्णोद्धाराचा आरंभ टाकीपासूनच झाला पाहिजे.

उदाहरणादाखल 45 सेंटिमीटर व्यासाची आणि 120 सेंटिमीटर लांबीची टाकी घेऊ. तिच्यात सुमारे 190 लिटर हवा मावते. दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो दाब असताना तिच्या प्रत्येक टोकाच्या झाकणावर जवळजवळ 16 टन भार पडत असतो. या अवस्थेत टाकी एकाएकी फाटली तर मोकळी होणारी ऊर्जा सुमारे अडीच लाख ज्यूल भरते. एक टन वजनाची मोटारगाडी आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडावी, तितकी. टाकीच्या पत्र्यावरील ताण काढण्याची रीत सोपी आहे: दाबाला व्यासाने गुणावे आणि जाडीच्या दुपटीने भागावे. पत्रा 5 मिलिमीटर जाड असेल तर हा ताण दर चौरस सेंटिमीटरला 450 किलो येतो. साधे पोलाद सुमारे 4,100 किलोंना तुटते. परंतु चौपट सुरक्षितता राखून आणि वेल्डिंगच्या सांध्याचा कमकुवतपणा जमेस धरून 700 किलोंच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. गंजाने पत्रा 3 मिलिमीटरच उरला की ताण 750 किलोंवर जातो, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली.

गंज बाहेरून चढला तर डोळ्यांना दिसतो; टाकीचा घात करतो तो आतला गंज. हवेत नेहमीच बाष्प असते. मुंबई, मंगळूर किंवा चेन्नई येथील दमट दिवसांत एका घनमीटर हवेत 24 ग्रॅमपर्यंत पाणी सहज आढळते. हीच हवा दाबून पुन्हा थंड झाली म्हणजे त्यातले सुमारे 20 ग्रॅम पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचते. मिनिटाला 270 लिटर हवा ओढणारे लहानसे यंत्र अशा दिवशी तासाभरात 300 ग्रॅमहून अधिक पाणी टाकीत ओतते. कारखान्यात पाणी सोडण्याचा नळ रोज उघडण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याने ते किती वर्षे इमानाने केले, याची नोंद टाकीच्या तळालाच कोरलेली असते.

तपासणी करताना सर्व बूच काढून आत दिवा सोडावा आणि आरशाच्या तुकड्याने तळ न्याहाळावा. तांबूस भुकटीचा पातळ थर असल्यास फारशी चिंता नाही. पापुद्रे सुटत असतील, किंवा बोटाला लागतील असे खड्डे पडलेले असतील, तर मात्र पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणाने मोजून घेतली पाहिजे. असे उपकरण बॉयलर तपासणाऱ्या किंवा वेल्डिंगची परीक्षा करणाऱ्या तंत्रज्ञांकडे असते. तळाच्या रेषेवर, पायांच्या जोडांजवळ आणि पाणी सोडण्याच्या नळाभोवती जाडी अवश्य मोजावी. टाकीवर कर्त्याचे नाव, वर्ष, काम करण्याचा दाब व परीक्षेचा दाब दाखविणारी पाटी नसेल तर तिची किंमत भंगाराइतकीच धरावी.

त्यानंतर पाण्याची परीक्षा. टाकी काठोकाठ पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने दाब चढवावयाचा. तो काम करण्याच्या दाबाच्या सव्वा ते दीडपट असावा. ही परीक्षा हवेने का करीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. याचे उत्तर असे की पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. वरील टाकी पाण्याने भरून 15 किलो दाबाखाली ठेवली, तर पाणी व ताणलेला पत्रा यांत मिळून साठणारी ऊर्जा दोनशे ज्यूलसुद्धा भरणार नाही. टाकी कमजोर असेल तर ती पाण्याची पिचकारी उडवून तसे सांगेल. हवा असती तर तिने स्फोटाने सांगितले असते. दाब अर्धा तास स्थिर राहिला, कोठे ओल आली नाही आणि टाकीचा आकार बदलला नाही, तर ती स्वीकारावी.

येथे एका वाईट सवयीचा उल्लेख केला पाहिजे. टाकीला सुईएवढे भोक पडले तर ते वेल्डिंगने बुजवून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. परंतु एक भोक पडले याचा अर्थ भोवतालचा पत्राही तितकाच खंगला आहे, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो आणखी दुबळा होतो. अशा टाकीला थिगळ लावू नये. ती बाद करावी, आणि भंगारात देण्यापूर्वी तिला मोठे छिद्र पाडून द्यावे, म्हणजे दुसरा कोणी तिला रंग लावून विकणार नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाने दाबाखाली चालणाऱ्या साधनांची सुरक्षितता राखण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती, आणि राज्यांच्या नियमांनी त्यांच्या ठरावीक मुदतीच्या तपासण्या आवश्यक केल्या होत्या. घराच्या पडवीत असा निरीक्षक येत नाही. तेथे मालकानेच निरीक्षक व्हावयाचे असते.

टाकी उत्तीर्ण झाल्यावर प्रत्यक्ष यंत्राकडे वळता येईल. पाच अश्वशक्तीच्या औद्योगिक कॉम्प्रेसरमध्ये बहुधा दोन सिलिंडर असतात, एक मोठा आणि एक लहान. हवा प्रथम मोठ्यात दाबली जाते, पंख असलेल्या नळीतून जाताना थंड होते आणि मग लहानात पुन्हा दाबली जाते. हा द्राविडी प्राणायाम व्यर्थ नाही. 30 अंश सेल्सिअसची हवा एकाच हप्त्यात 10 किलोंपर्यंत दाबली, आणि उष्णता कोठेही निसटू दिली नाही, तर हिशेबाने तिचे तापमान 325 अंशांपलीकडे जाते. दोन हप्त्यांत दाबली तर प्रत्येक वेळी ते दीडशेच्या आसपास राहते. तापमान जितके अधिक तितके तेल लवकर करपते, आणि करपलेल्या तेलाची काजळी झडपांवर बसते. जुन्या कॉम्प्रेसरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या काजळीत सापडते.

दोन सिलिंडरांमधील नळीवर एक लहान दाबमापक असतो. तो नसल्यास बसवून घ्यावा, कारण रोग ओळखण्यास त्याच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. यंत्र पूर्ण दाबावर चालत असताना तो साधारणतः 2 ते 2.5 किलो दाखवितो. त्याहून बराच अधिक दाब दिसू लागला, किंवा तेथील सुरक्षा झडप फुसफुसू लागली, तर लहान सिलिंडरच्या झडपा गळत आहेत असे समजावे. दाबलेली हवा त्यांतून मागे परतत असते. याउलट दाब फारच कमी दिसला तर दोष मोठ्या सिलिंडरच्या बाजूला शोधावा. एवढे कळले तरी निम्मे यंत्र न उघडता भागते.

झडपांच्या पातळ चकत्या काढून त्यांवरील काजळी कोमट पाणी, साबण आणि लाकडी किंवा पितळी खरवडणीने काढावी. सपाट काचेवर अतिशय बारीक पॉलिश कागद ठेवून, इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे हात फिरवीत बैठक घासली म्हणजे ती पुन्हा सपाट होते. चकतीला चीर असेल, किंवा ती वाकलेली असेल, तर घासण्यात वेळ न दवडता नवी बसवावी. रॉकेल किंवा पेट्रोल मात्र हवेच्या मार्गात वापरू नये. त्याचा अंश कोपऱ्यात राहिला तर दाबाच्या उष्णतेने तो पेट घेऊ शकतो.

दट्ट्या आणि त्याच्या रिंगा यांविषयी फार सांगण्याजोगे नाही. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजावी. 100 मिलिमीटर व्यासाला 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट योग्य समजतात. याच्या कितीतरी पट ती झाली असेल, तर रिंगा बदलाव्यात. सर्व गॅस्केट व तेल अडविणारी सील नवी घालणे बरे. तेल कॉम्प्रेसरसाठीच केलेले, शंभर श्यानता-श्रेणीचे घालावे. मोटारीच्या इंजिनाच्या तेलात मळ धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती पाणीही धरून ठेवतात आणि झडपांवर काजळी वाढवितात.

खरी अडचण विजेची असते. कारखान्यातील मोटर तीन फेजवर, 415 व्होल्टवर चालणारी. बहुसंख्य घरांत मात्र एकच फेज आणि 230 व्होल्ट. अशा वेळी यंत्राला पाच अश्वशक्ती हवी म्हणून घराची वायरिंग जाळण्यापेक्षा यंत्राची गती कमी करणे श्रेयस्कर. मूळ यंत्र मिनिटाला 900 फेरे करीत असेल, तर तीन अश्वशक्तीच्या एक-फेज मोटरवर ते सुमारे 540 फेऱ्यांनी चालवावे. मोटर 1,440 फेऱ्यांची आणि यंत्राचे चाक 400 मिलिमीटर व्यासाचे असल्यास मोटरवरची पुली 250 ऐवजी 150 मिलिमीटरची घेतली की काम झाले. हवा त्याच प्रमाणात कमी मिळेल. पण आवाज, उष्णता आणि झीजही कमी होईल. मात्र ज्या यंत्रात तेल पळीने उडवून सर्वत्र पोहोचविले जाते, तेथे गतीला खालची मर्यादा असते. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान फेऱ्यांच्या खाली गेल्यास पळी तेल उडवीत नाही आणि धारवे कोरडे पडतात. चाकाची फिरण्याची दिशाही बाणानुसारच ठेवावी, कारण त्याच चाकाच्या आऱ्या सिलिंडरवर वारा घालीत असतात.

घरच्या बहुतेक हत्यारांना 6 ते 7 किलो दाब पुरतो. तेव्हा मूळ पाटीवर 10 किलो लिहिले असले तरी दाबाची कळ 7 वर लावणे उत्तम. टाकीवरील ताण तेवढ्याने जवळजवळ एकतृतीयांश घटतो. टाकीवरची सुरक्षा झडप नवीच घ्यावी. ती या दाबाच्या किंचित वर उघडणारी आणि यंत्र देईल तितकी सर्व हवा बाहेर टाकू शकणारी असावी. तिच्या आणि टाकीच्या मध्ये कोणतीही तोटी असता कामा नये. हवा नेण्यासाठी घरातील पाण्याच्या कामाचा प्लास्टिकचा कडक नळ वापरण्याचा मोह टाळावा. दाबलेल्या हवेने फुटताना त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात. लोखंडी किंवा तांब्याचा नळ, अथवा हवेसाठीच बनविलेली रबरी नळी वापरावी.

पहिल्या दिवशी टाकीची तोटी उघडी ठेवून यंत्र अर्धा तास भाराविना चालवावे आणि धारव्यांची उष्णता हाताने पाहावी. नंतर दाब एकेक किलोने चढवीत सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. यंत्र बंद केल्यावर कळीपाशी क्षणभर फुस्स आवाज येऊन थांबला तर ठीक. तो चालूच राहिला तर टाकीच्या तोंडाची परत न येऊ देणारी झडप गळत आहे. शेवटी रिकामी टाकी 7 किलोंपर्यंत भरण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. 190 लिटरची टाकी भरण्यास सुमारे 1,330 लिटर मोकळी हवा लागते. पाच मिनिटे लागली तर यंत्र मिनिटाला 266 लिटर हवा देत आहे. हा आकडा तारखेसह टाकीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा. काही महिन्यांनी पाचाची सहा मिनिटे झालेली दिसली, तर प्रथम हवेची गाळणी, मग पट्ट्याचा ताण, आणि त्यानंतरच झडपा पाहाव्यात.