थायरॉईडच्या कर्करोगातून बरं झालेलं मूल: काय करावं, काय टाळावं

चंडीमंदिरच्या छावणीत किंवा चंडीगडच्या एखाद्या सेक्टरात बदलीवर आलेलं मराठी घर. मुलाला थायरॉईडचा कर्करोग निघाला, उपचार चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात झाले. कर्करोग फुप्फुसांपर्यंत गेला असला तरी या आजारातून बहुतेक मुलं वाचतात. म्हणून विचार पुढच्या पन्नास-साठ वर्षांचा करायचा. मधल्या काळात वडिलांच्या बदल्या होणार, गाव बदलणार, डॉक्टर बदलणार.

करावं

- चंडीगड सोडण्याआधी शस्त्रक्रियेचा अहवाल, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) कधी, किती मिलिक्युरी दिलं याची नोंद हातात घ्या. एकूण डोस जसा वाढतो तसा लाळग्रंथींना, अस्थिमज्जेला अपाय आणि पुढे दुसऱ्या कर्करोगाचा धोका वाढतो. पुण्यातले किंवा मुंबईत परळचे डॉक्टर पुढचा डोस ठरवताना हाच आकडा विचारतील.
- थायरॉईड काढल्यावर तिच्या संप्रेरकाऐवजी दिलेली थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. दूध, लस्सी, पराठा अर्ध्या-पाऊण तासानंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर हवंच. मूल वाढतं तसा डोस बदलतो. त्यासाठी रक्तातला टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) तपासत राहा.
- रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन), त्याच्या अँटिबॉडीज यांची तपासणी आणि मानेची सोनोग्राफी ठरल्या वेळी करा. हा आजार वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.
- तोंड कोरडं पडत असेल तर दाताच्या डॉक्टरांना उपचारांचा इतिहास सांगा. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात.
- वयात आलेल्या मुलामुलीशी पुढच्या अपत्यांबद्दल डॉक्टरांसमोर मोकळेपणी बोला. रेडिओआयोडीननंतर मुलींनी किमान सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळायची असते. मुलांना मोठे डोस पुन्हापुन्हा लागणार असतील, तर वीर्य साठवण्याबद्दल आधीच विचारा.

टाळावं

- जानेवारीत बोटांना मुंग्या आल्या की "थंडी आहे, हातमोजे घाल" म्हणून सोडू नका. ओठांभोवतीही मुंग्या, पोटऱ्यांत पेटके, हाताची बोटं आखडणं ही कॅल्शियम घसरल्याची खूण असते. शस्त्रक्रियेत पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या की असं होतं, कधी कायमचं. झटका आला तर थेट इमर्जन्सीत न्या.
- उलट, कॅल्शियमच्या गोळीने बरं वाटतंय म्हणून ती मनाने वाढवूही नका. जादा कॅल्शियम मूत्रपिंडात साचतं.
- घोगऱ्या आवाजाला "आवाज फुटतोय" म्हणू नका. शस्त्रक्रियेत स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते.
- मे-जूनच्या उन्हात तापलेल्या गाडीत गोळ्या ठेवू नका.
- "बारीक व्हायला" किंवा "ताकद यायला" थायरॉक्सिनचा डोस वाढवू नका. टीएसएच किती खाली ठेवायचा हे तज्ज्ञ ठरवतात. तो वर्षानुवर्षं गरजेपेक्षा खाली राहिला की हाडांवर आणि हृदयावर ताण येतो.
- सगळं आईनेच लक्षात ठेवायचं, असं करू नका. बारा वर्षांच्या पोरीला तिच्या गोळीचे मायक्रोग्रॅम तोंडपाठ असावेत. हॉस्टेलवर जाईल तेव्हा सकाळी गोळीची आठवण करून द्यायला घरचं कुणी नसेल.