आधी पाइपाला हात लावून बघा

लालबाग-परळच्या गॅलरीत पाण्यावर भाजी पिकवताय आणि कोणी तुम्हाला चिलर विकायला निघालाय, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे नऊ हजार गेले ते गेले. विकणाऱ्याचं दुकान मात्र छान चाललंय, तेव्हा निदान पुढच्या गिऱ्हाइकाच्या कानावर चार गोष्टी घालते.

किट त्याच्याकडूनच घेतलं होतं. साठ लिटरची टाकी, राखाडी पीव्हीसी पाइप, पंप, सगळं त्यानेच बसवून दिलं. गॅलरी पश्चिमेची आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. थंडीत लेट्यूस असं आलं की शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. मार्चमध्ये पानं भरदुपारी माना टाकायला लागली. रोप उचललं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास नाल्याचा. फोटो पाठवले. लगेच फोन आला, "मॅडम, पाणी तापतंय. चिलर लागणारच."

निदान बरोबर होतं, हे मी आजही मान्य करते. पाणी २० अंशांवर असतं तेव्हा त्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला राहतो. ३० अंशांवर तो साडेसातवर येतो. मुळांची भूक मात्र उष्णतेने वाढते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखी बुरशी बसते आणि मुळं कुजतात. लेट्यूसला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. एवढं सगळं त्याला तोंडपाठ होतं. औषध तेवढं चुकीचं दिलं, आणि ते जाणूनबुजून दिलं असंच मला वाटतं.

चिलर म्हणजे एक डबा, दोन पंखे आणि आत पेल्टियरची पट्टी. तीच पट्टी लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपयांत मिळते. १२ व्होल्ट, ६ अँपिअर. म्हणजे ७० वॅट वीज खाते आणि टाकीतली उष्णता काढते जेमतेम २०-२५ वॅट. साठ लिटर पाणी पाच अंशांनी उतरवायला तिला चौदा-पंधरा तास लागतील, तेही बाहेरून कणभर उष्णता येत नसेल तर. शिवाय दुसऱ्या बाजूचा पंखा गरम वारा त्याच गॅलरीत फेकतो.

पाणी काही उतरेना. मी फोन करत गेले आणि त्याची उत्तरं बदलत गेली. आधी म्हणाला, रात्रभर चालू ठेवा. मग म्हणाला, तुमची टाकी लहान पडते (टाकी कोणी दिली होती?). मग गॅलरीला काचा लावून घ्या. पैसे देईपर्यंत मी 'मॅडम' होते, तक्रार सुरू झाल्यावर 'काकू' झाले. शेवटी ऐकवलं, "काकू, मुंबईचं हवामानच असं, त्याला आम्ही काय करणार?" विकताना हवामान दुसऱ्या कुठल्या गावचं होतं का?

छडा लागला तो भाच्याच्या फिशटँकमधल्या थर्मामीटरने. दुपारी तीनला टाकीत बुडवला, २९. गंमत म्हणून पाइपातून परत येणाऱ्या धारेखाली धरला तर ३६! पाइपाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. चटका बसला होता. मी तशीच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. टाकी सावलीत होती, ती बिचारी थंडच राहू पाहत होती. पाणी तापत होतं उन्हातल्या पाइपात, आणि दर फेरीला टाकीत ओतलं जात होतं. नऊ हजारांचा डबा एका टोकाला चमच्याने उपसत होता, दुसऱ्या टोकाला बादलीने भरत होतं. पाइप त्याचेच, जागा त्यानेच ठरवलेली. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "बघतो." अजून बघतोय.

तर सांगायचं ते हे. मुंबईत पाणी गार करायच्या भानगडीत पडू नका, तापू देऊ नका. पाइपावर आधी काळ्या आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा हात द्या. नुसता पांढरा दिला तर उजेड आत झिरपून शेवाळ धरतं. पत्र्याखाली लावतात ती चंदेरी बबलशीट वरून गुंडाळा. टाकी घरात घ्या, खाली लादीवर, खाटेखाली चालेल. बाहेर फक्त पाइप. टाकीभोवती थर्माकोल हवा, आणि तो विकत घ्यायची गरज नाही: मासळीचे रिकामे खोके मागितले तर मिळतात, फक्त धुऊन दोन दिवस वाळवा, नाहीतर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील. टाकी जितकी मोठी तितकी सावकाश तापते.

पंपाकडे कोणी बघत नाही. पाण्यात बुडालेला १८ वॅटचा पंप चोवीस तास चालला तर त्याची उष्णता पाण्यातच जाते. साठ लिटरला ती सहा अंशांनी तापवू शकते. लोहार चाळीतून टायमर आणा, पंधरा मिनिटं चालू, पंधरा बंद. बेस्टचं बिलही उतरतं.

माठाचा, ओल्या गोणपाटाचा सल्ला हमखास मिळेल. नागपूरला तो लागू पडतो, तिथे मे महिन्यात हवा कोरडी. आपल्याकडे ३३ अंश आणि अंगाला चिकटणारा दमटपणा. गोणपाट कितीही भिजवा, २७-२८च्या खाली जाणार नाही. रात्रीवरही भिस्त नको. पुण्यात मेमध्येही पारा २२-२३पर्यंत उतरतो, इथे २७वर अडतो. मार्चही कमी नाही. पूर्वेचा वारा सुटला आणि समुद्राचा वारा उशिरा आला की कहर होतो. मार्च १९५६ मध्ये सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदलेत.

बर्फ? हिशेब करा. साठ लिटरमध्ये एक किलो बर्फ टाकला तर पाणी दोन अंशसुद्धा उतरत नाही, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच. पाहुणे येईपर्यंत रोप तगवायचं असेल तर बाटलीत गोठवून सोडा. उघडा बर्फ टाकलात तर खताचं पाणी पातळ होतं. मासळीचा निळसर बर्फ तर नकोच. २०१८ पासून न खाण्याजोग्या बर्फाला तो रंग देतात तो उगीच नाही.

पाणी दोन-तीन इंच खाली ठेवा, म्हणजे वरची मुळं हवेत राहतात आणि कोमट पाण्यातही श्वास घेतात. एअर स्टोन स्वस्त आहे, लावाच. मुळं नुकतीच बिघडली असतील तर केमिस्टकडचं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, लिटरला दोन-तीन मिली; पण त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा घालू नका, दोन्ही वाया. बाकी स्वच्छता ठेवा, लक्ष ठेवा, वगैरे वगैरे, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि लेट्यूसचा हट्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरता. उन्हाळ्यात नाळीची भाजी लावा, तिला कोमट पाणी आवडतं. पुदिना तगतो. अळू तर मोरीच्या पाण्यावरही उभा राहतो. ज्यांना गच्ची आहे त्यांनी पाण्याच्या नादी लागावंच का, हाही प्रश्न आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास भाजीपाला-फळझाडं लावली ती खरकट्या-पाचोळ्याच्या मातीत. ना पंप, ना चिलर. पण आमच्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, तो विषय वेगळा.

किट घेतानाच विचारा: पाइप उन्हात असताना परतीचं पाणी किती अंश राहील, आणि ते बिलावर लिहून द्याल का? बिल पक्कं घ्या. माझ्याकडे नुसती चिठ्ठी होती, तिच्यावर 'कूलिंग सेट' एवढंच. फसवलं गेलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझी तक्रार तयार आहे, आणि थर्मामीटरचे दोन्ही फोटो जोडलेत, तारीख-वेळेसकट.