गुऱ्हाळाचें अंदाजपत्रक

गुऱ्हाळासाठीं कर्ज मागण्यापूर्वीं शेतकऱ्यानें धंद्याचें अंदाजपत्रक स्वतःच्या हातानें लिहावें, असें आम्हांस वाटतें. चरक, काहील, चुलवाण हीं कोणीही लिहितो. गुळव्याची मजुरी विसरतो. १०० किलो उसाचा गूळ सुमारें १० किलो धरावा. फार अधिक उतारा कागदावरच पडतो. घरच्या उसासही बाजारभाव लावावा, नाहीं तर शेताचा नफा गुऱ्हाळाच्या नांवें दिसतो.

मजुरी रोख द्यावी लागते. गुळाची पट्टी हमाली-तोलाई वजा होऊन मागाहून येते. मधल्या दिवसांची रोकड वेगळी लिहावी. आम्हीं महसूल खात्यांत उभा जन्म आंकडेमोड केली, तरी पेन्शनींत घातलेल्या आमच्या पहिल्या गुऱ्हाळाच्या पत्रकांत नेमकी हीच ओळ नव्हती. चौथ्या आठवड्यांत कुटुंबाच्या पाटल्या गहाण पडल्या. पुढील वर्षींचें पत्रक तिनें समोर बसून लिहवून घेतलें.