रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची पूर्वतयारी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर व झरी-जामणी परिसरातील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. त्यापुढे लहान मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग पडू लागतात आणि दीर्घकाळ असे पाणी प्याल्यास हाडे व सांधे ताठर होतात. याच जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाणी, माती, खत, औषध आणि विष यांचा संबंध ज्या शास्त्राशी आहे, ते रसायनशास्त्र होय. त्याचे उच्च शिक्षण घेतलेली माणसे जिल्ह्यातूनच पुढे यावीत, ही अपेक्षा म्हणून अवाजवी नाही.

जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत विज्ञान शाखेची महाविद्यालये आता दूर राहिलेली नाहीत. बी.एस्सी. पर्यंत पोचणारा विद्यार्थी पुढे एम.एस्सी. च्या दारात मात्र अडखळतो. त्याला गुण कमी असतातच असे नाही. अर्ज केव्हा, कोठे व कोणत्या कागदपत्रांसह करावयाचा, हे त्याला वेळेवर समजत नाही, हे अनेकदा खरे कारण असते. ही माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापाशी असेल, तर ती गावागावांत पोचू शकेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग आपल्याच विद्यापीठाचा. १ मे १९८३ पर्यंत यवतमाळ जिल्हा १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. त्या दिवशी अमरावती विद्यापीठ स्वतंत्रपणे स्थापन झाले. आज ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आणि संलग्न महाविद्यालयांतील पदव्युत्तर वर्ग येथे बी.एस्सी. च्या गुणांवर आधारित गुणवत्ता यादीप्रमाणे प्रवेश मिळतो. घराजवळ राहून, कमी खर्चात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

दुसरा मार्ग राज्यातील इतर संस्थांचा. नागपूर व पुणे येथील विद्यापीठे आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था यांची प्रवेशपद्धती निरनिराळी आहे. मुंबईची ही संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली व २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोठे गुणवत्ता यादी, तर कोठे स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे येथे लक्षात ठेवावे.

तिसरा मार्ग राष्ट्रीय पातळीवरील परीक्षांचा. भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठी ‘जॅम’ ही सामायिक परीक्षा दरवर्षी घेतली जाते. तिचे अर्ज साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत व निकाल मार्चमध्ये लागतो. सर्व विषय मिळून सुमारे ३,००० जागा या परीक्षेतून भरल्या जातात. हेच गुण बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थाही विचारात घेतात. केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून ‘सीयूईटी-पीजी’ ही वेगळी सामायिक परीक्षा सुरू झाली आहे.

येथे एक चूक वारंवार होते. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे प्रवेश मिळाला, असे विद्यार्थी समजतो. वस्तुतः जॅमचा निकाल लागल्यानंतर प्रवेशासाठी पुन्हा स्वतंत्र अर्ज करावा लागतो व संस्थांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी तर नोंदणीही निराळी असते. या दुसऱ्या अर्जाची मुदत चुकली, तर वर्षभराचे श्रम व्यर्थ जातात, कारण जॅमचे गुण केवळ त्याच वर्षाच्या प्रवेशासाठी ग्राह्य असतात.

आणखी एक गोष्ट बारावीतच पाहावयास हवी. जीवशास्त्र घेणारे अनेक विद्यार्थी गणित सोडून देतात. बी.एस्सी. ला त्यांना रसायनशास्त्र मिळते. परंतु काही राष्ट्रीय संस्था एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी बारावीला अथवा पदवीला गणित असण्याची अट घालतात. ही अट संस्थेगणिक बदलते. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी विषय निवडतानाच विद्यार्थ्याला तिची कल्पना द्यावी.

परीक्षेचे स्वरूप आणि एक छोटे गणित

जॅमची रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका तीन तासांची, ६० प्रश्नांची व १०० गुणांची असते आणि ती संगणकावर सोडवावयाची असते. ‘अ’ विभागात एकच पर्याय बरोबर असलेले ३० प्रश्न, ‘ब’ विभागात एक किंवा अधिक पर्याय बरोबर असलेले १० प्रश्न, तर ‘क’ विभागात संख्यात्मक उत्तराचे २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होतात ते फक्त ‘अ’ विभागात. एक गुणाच्या प्रश्नाला एकतृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोनतृतीयांश गुण वजा केला जातो.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. समजा, दोन गुणांच्या प्रश्नाचे चारही पर्याय अनोळखी आहेत आणि विद्यार्थ्याने अंदाजाने उत्तर दिले. असे चार प्रश्न सोडविल्यास सरासरीने एक बरोबर येईल व २ गुण मिळतील. तीन चुकतील व तेथे २ गुण जातील. हाती काहीच उरणार नाही. मात्र दोन पर्याय निश्चितपणे चूक आहेत असे ओळखता आले, तर चारपैकी सरासरी दोन उत्तरे बरोबर येऊन ४ गुण मिळतील आणि दोन चुकांपोटी १ पूर्णांक एकतृतीयांश गुण जाईल. निव्वळ लाभ २ पूर्णांक दोनतृतीयांश गुणांचा होईल. म्हणजेच निव्वळ अंदाज निरुपयोगी, परंतु अर्धवट ज्ञानही विचारपूर्वक वापरल्यास उपयोगी ठरते. ‘ब’ व ‘क’ विभागांत गुण वजा होत नसल्याने तेथे प्रश्न कोरा सोडू नये.

कागदपत्रे : खरी अडचण

अर्जाबरोबर दहावी-बारावीची व पदवीची गुणपत्रके, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास व उत्पन्नाची प्रमाणपत्रे लागतात. राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र, राज्यातील प्रवेशाकरिता जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र जोडावे लागते. अनुसूचित जमातींच्या दाव्यांची पडताळणी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र समिती करते, तर इतर मागास प्रवर्गांसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती असते. पडताळणीस वेळ लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता, पदवीच्या दुसऱ्या वर्षातच प्रस्ताव दाखल करणे श्रेयस्कर.

राज्याची व केंद्राची आरक्षणे एकसारखी नाहीत, ही बाब यवतमाळ जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. पुसद, दिग्रस, महागाव या भागांत बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जाती प्रवर्गात मोडतो. केंद्रीय सूचीत मात्र त्याची गणना इतर मागासवर्गात होते. साहजिकच पुसदच्या विद्यार्थ्याने अमरावतीच्या अर्जासाठी विमुक्त जातीचे प्रमाणपत्र वापरावे आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या अर्जासाठी केंद्रीय नमुन्यातील इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र काढावे. राज्याचा नमुना जोडला, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जाण्याची शक्यता असते. केंद्रीय प्रमाणपत्र कोणत्या तारखेनंतरचे हवे, हेही माहितीपत्रकात दिलेले असते. ती तारीख प्रथम पाहावी.

अनुसूचित जमातींसाठी केंद्रीय संस्थांत ७.५ टक्के, तर राज्यात ७ टक्के जागा राखीव असतात. कोलाम समाज हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक असून त्याची मोठी वस्ती याच जिल्ह्यात आहे. पांढरकवडा व पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांतून वसतिगृह व निर्वाहविषयक योजनांची माहिती मिळू शकते. शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर भरावे लागतात. प्रवेश मिळाल्याबरोबर हे काम करावे, पुढे ढकलू नये.

नावातील फरक ही दिसावयास लहान, पण त्रासदायक बाब आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव एका प्रकारे, आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे आणि जातीच्या दाखल्यावर तिसऱ्याच प्रकारे असेल, तर कागदपत्र तपासणीच्या वेळी प्रवेश अडतो. हा फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा.

हेतुनिवेदन कसे लिहावे

काही संस्था मुलाखत घेतात. परदेशी विद्यापीठे तर अर्जासोबत हेतुनिवेदन व प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात. ‘मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड आहे’ या वाक्याने परीक्षकाला विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी झरी-जामणी तालुक्यातील विद्यार्थिनी असे लिहू शकेल : ‘माझ्या गावातील दोन हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइड मी पदवीच्या तिसऱ्या वर्षी आयन-निवडक विद्युदग्राने मोजले. एकाच गावातील दोन स्रोतांत एवढा फरक का, याचे उत्तर मला मिळाले नाही. ते शोधण्यासाठी मला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकावयाचे आहे.’ या तीन वाक्यांत केलेले काम, पडलेला प्रश्न आणि पुढील अभ्यासाची दिशा आली आहे. अर्थात, जे केले नाही ते लिहू नये. मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारला जातो.

शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांनीही ‘विद्यार्थी हुशार व नम्र आहे’ एवढ्यावर थांबू नये. त्याने प्रयोगशाळेत कोणता प्रयोग स्वतः उभा केला, चुकलेले मापन कसे सुधारले, हे लिहावे.

एक अर्ज, एक नकार

प्रवेशाच्या नियमांमागे माणसांचा इतिहासही असतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी होत. वडील व चुलते दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. गुणवत्ता वादातीत होती, तरीही संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अर्ज नाकारला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते.

कमलाबाईंनी तो निर्णय मान्य केला नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारले. अखेर त्यांना अटींवर घेण्यात आले. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळावयाची नव्हती. वर्षअखेरीस त्यांच्या कामाने संचालकांचे मत बदलले आणि पुढे त्या संस्थेची दारे स्त्रियांना खुली झाली. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या ओळखल्या गेल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपती पुरस्कार लाभला आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोचल्या.

आज कोणतीही शासनमान्य संस्था स्त्री म्हणून अर्ज नाकारू शकत नाही. तथापि, वणी किंवा घाटंजी तालुक्यातील एखाद्या मुलीचा अर्ज घरातच थांबतो, कारण नागपूर वा मुंबई ‘फार दूर’ वाटते. तेथे कोणी संचालक नसतो. समजूत घालावयाची असते ती आई-वडिलांची. हे काम गावातील शिक्षक अथवा महिला सदस्य जितके करू शकतात, तितके दुसरे कोणी करू शकत नाही.

नकार आल्यास कारण विचारावे, हाही या घटनेतून घ्यावयाचा धडा आहे. प्रथम प्रसिद्ध होते ती तात्पुरती गुणवत्ता यादी असते. तीत गुण, प्रवर्ग वा नाव चुकले असल्यास हरकत नोंदविण्यासाठी ठराविक मुदत दिलेली असते. त्या मुदतीत पुराव्यासह लेखी हरकत दिल्यास चूक दुरुस्त होऊ शकते. मुदत टळल्यावर मात्र खरी तक्रारही निष्फळ ठरते.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास गावातील बी.एस्सी. च्या विद्यार्थ्यांची यादी करावी. कोणाला कोणता दाखला लागणार आहे, हे विचारून ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून अर्ज दाखल करण्यास साहाय्य करावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी. महाविद्यालयांनी प्रवेश परीक्षांच्या तारखांचा फलक लावावा व मागील प्रश्नपत्रिकांचा संच ग्रंथालयात ठेवावा. तहसील कार्यालयांनी केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्रांविषयी स्पष्ट सूचना दर्शनी भागात लावल्यास विद्यार्थ्यांचे हेलपाटे वाचतील.

यांपैकी कशासाठीही वेगळा निधी लागत नाही. ऑगस्टमध्ये केलेली एक यादी आणि वेळेवर काढलेला एक दाखला एवढ्यावर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष वाचते. उद्या तोच विद्यार्थी शिकून परतला आणि आपल्या गावच्या हातपंपाचे पाणी तपासू लागला, तर त्या यादीचे मोल गावाला वेगळे सांगावे लागणार नाही.