रस्ता, भूमी आणि लोक

महामार्गाच्या सुधारणेविषयी लोकांचे मत घेण्याची रूढ रीत अशी की, अभियंत्यांनी आराखडा तयार करावा आणि तो पुरा होत आल्यावर सभा बोलवावी. अशा सभेत आक्षेप नोंदविले जातात, पण मूळ प्रश्न कोणी बदलू शकत नाही. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील 93 क्रमांकाच्या महामार्गाच्या बाबतीत नेमका हा प्रश्नच बदलला गेला, म्हणून ते उदाहरण अभ्यसनीय आहे.

एव्हारो ते पोलसन हा या मार्गाचा सुमारे 90 किलोमीटरांचा टप्पा फ्लॅटहेड राखीव प्रदेशातून जातो. 1855 च्या तहान्वये सॅलिश, पाँ द'ओरे आणि कूटने या जमातींनी तो स्वतःसाठी राखून ठेवला होता. पुढे 1910 मध्ये तेथील जमिनी बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुल्या झाल्या. त्यामुळे या मार्गालगत आदिवासी आणि बिगर-आदिवासी असे दोन्ही समाज नांदतात. दुपदरी रस्त्यावरील अपघातांची धास्ती दोघांनाही होती. या रस्त्याने जाणाऱ्याने आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती मोटारीच्या मागे चिकटवावी, इतका त्याचा लौकिक वाईट होता!

राज्याच्या परिवहन विभागाचा कल चौपदरी रस्त्याकडे होता. रुंद रस्ता आला की वस्ती वाढेल, जमिनीचे व्यवहार फोफावतील आणि वन्य प्राण्यांच्या वाटा तुटतील, अशी जमातींना भीती होती. हे भय अनाठायी होते असे म्हणता येणार नाही. वाद पदरांच्या संख्येपाशी येऊन अडला, आणि 1996 साली संघराज्याच्या महामार्ग प्रशासनाने तिन्ही शासने, म्हणजे जमाती, राज्य आणि संघराज्य, सहमत होईपर्यंत तो निर्णय पुढे ढकलला.

कोंडी फुटली ती भूप्रदेशरचनाकारांच्या मदतीने. किती पदर हवेत, हे न विचारता रस्ता कोणत्या भूमीतून जाणार आहे, हे आधी विचारण्यात आले. जमातींची भूमिका अशी की, रस्ता हा येथे पाहुणा आहे आणि त्याने पाहुण्यासारखे वागले पाहिजे. हे केवळ काव्य नव्हते. डिसेंबर 2000 मध्ये झालेल्या करारातून त्याला आकार मिळाला: रस्ता भूरूपांना धरून वळवावा, काही ठिकाणी दोनच पदर, काही ठिकाणी ओलांडणीसाठी जादा पदर, तर गरजेच्या जागी चार असावेत, ओढ्यांची व स्थळांची नावे सॅलिश आणि कूटने भाषांतही फलकांवर लिहावीत. प्राण्यांसाठी सुमारे चाळीस मार्ग बांधण्यात आले. त्यांतील बहुतेक रस्त्याखालून जातात. एव्हारोजवळ मात्र रस्त्यावरून जाणारा, माती घालून झाडेझुडुपे लावलेला एक पूल आहे. पुढील पाहणीत या मार्गांतून दरवर्षी वीस हजारांहून अधिक वेळा प्राणी पलीकडे जात असल्याचे दिसून आले. त्यांत हरणांचा भरणा मोठा.

नाइनपाइप येथील पाणथळ भाग मात्र या करारातून वगळावा लागला होता. तेथे कासवे आणि अस्वले रस्ता ओलांडताना मरत, आणि योग्य उपाय खर्चिक होते. तेथील प्राणिपुलासाठी 2023 साली जमातींना संघराज्याचे अनुदान जाहीर झाले.