पायाळू आजी, सुया आणि तुझी कंबर

सोलापूर

चि. निखिल,

‘मामा, जन्मभर टिंगल केलीस आणि शेवटी सुया टोचून घेऊन बरा झालास म्हणे! मग मीही जाऊ का?’ टोमणा पोचला. गेलो होतो, खरं आहे. पण मी बरा झालो एवढ्यावरून तू जावंस, हे मला पटत नाही.

माझी आजी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली होती. उसण भरलेली माणसं सकाळीच आमच्या ओसरीवर पालथी पडायची. आजी कंबरेला हलकेच पाय लावायची आणि चार-पाच दिवसांत तीच माणसं शेंगा घेऊन ताठ चालत यायची. सातवीत असताना मी याची एक वही केली. आजी महिनाभर लेकीकडे गेली होती, तेव्हा उसण भरलेल्यांची चौकशी केली. तीही तेवढ्याच दिवसांत ताठ झाली होती. आजीला मात्र हे सांगायची छाती झाली नाही.

पुढे तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण गेल्या साली मणक्यातली गादी सरकून डाव्या पोटरीपर्यंत कळ उतरायला लागली, तेव्हा ती वही आठवली नाही. सात आठवडे गोळ्या आणि पट्टा. हाडांच्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत फिल्म बघून ‘ऑपरेशनची घाई नाही’ म्हटलं. सल्ला अगदी बरोबर, पण रात्री दोन वाजता तो पुरत नव्हता. मामीनं धरून अॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे नेलं.

हे डॉक्टरही एमबीबीएसच. भिंतीवर आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो. १९३८ साली त्यांच्याबरोबर वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या डॉ. बसूंनीच पुढं ही विद्या भारतात आणली, हे त्यांनी सुया लावता लावता सांगितलं. सोलापूरकराचं तोंड बंद करायला एवढं पुरे! सुई केसासारखी बारीक, तिच्यात औषध काही नाही. पाऊण तास पडून राहायचं. तिसऱ्या खेपेनंतर मी बुटाची नाडी स्वतः बांधली.

आता हिशेब बघ. मी गेलो तेव्हा दुखणं शिगेला पोचलं होतं, तिथून ते उतरणारच होतं. गादीचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ओसरतं. म्हणजे पुन्हा आजीची ओसरीच.

तरी चैन पडेना म्हणून वाचत बसलो. जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा एक जर्मन अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींना चिनी शास्त्रातल्या नेमक्या बिंदूंवर सुया दिल्या, काहींना मुद्दाम भलत्या जागी, वरवर. उरलेल्यांना गोळ्या, व्यायाम, शेक असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्क्यांना गुण आला, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४. बिंदूंच्या नकाशाला फारसा अर्थ नाही, हे बघून माझ्यातला मास्तर खूश झाला. तिसऱ्या आकड्यानं मात्र माझी झोप उडवली. सुया मिळाल्या नाहीत म्हणून तो गट हिरमुसला असेलही. पण मला तो पाऊण तास आठवतो. कुणीतरी माझं एकेक बोट दाबून ‘इथं मुंग्या येतात का?’ असं विचारत होतं. सात आठवड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा जायचं तर जा, पण तुझ्या डॉक्टरांना सांगून. सुयांचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. किती वेळा जायचं ते आधी ठरव आणि दुखणं रोज वहीत मांड; गुण दिसला नाही तर लाजेखातर पुढं जाऊ नकोस. औषधाची बिननावाची पुडी मात्र कुणाच्याही हातून घेऊ नकोस. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं. हे २००४ साली छापून आलंय. आणि लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर सुया नकोत, आजीचा पाय नको, माझा फोनही नको. त्याच क्षणी इस्पितळ गाठ.

मामीनं शेंगाचटणीचा मोठा डबा पाठवलाय. कंबरेत वाकून उचलू नकोस, गुडघ्यात वाक.

तुझा,
मामा